उत्तराची कुंची

२३ ऑक्टोबर १९८५, बुधवार

मशीन बाहेर काढलं. काल दसऱ्याला त्याची पूजा झाली, आज शिवण सुरू. दिवाळीला आमच्या घरात एकमेकांना द्यायचं ते हातचंच, विकतचं नाही. ही आईची रीत. तिच्या आईचीही हीच होती म्हणे.

तात्यांना कोपरी. गावच्या काकूला पिशवी. दाराला कापडी तोरण. आईला पोलकं — ती मापाला उभीच राहत नाही. "गेल्या वर्साचा माप धर" म्हणते आणि मग दरवर्षी गळा घट्ट!

आमचं हाताचं मशीन. एकीनं चाक फिरवायचं, दुसरीनं कापड सरकवायचं. पूर्वी धाकटी वनी चाकावर, मी कापडावर. काय घाई असायची तिला! "नले, सरकव ना गं, झोपलीस काय?" आता चाकही मी, कापडही मी. टीप वाकडी जाते. शाळेत पोरींना शिवण शिकवते, आणि घरी माझीच टीप उसवून परत घालते.

२५ ऑक्टोबर

कोपरीचे मुंढे जोडले. तात्या बाजूनं जाता जाता म्हणाले, "खिसो मोठो ठेव गो." ठेवला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज बाजारात मीरा भेटली. वनीबरोबर टेलिफोन एक्स्चेंजला होती ती. मला बघून आधी थबकली, मग हात धरून भाजीवालीच्या मागे ओढलं. "तुला कुणी सांगितलं की नाही? अगं, मावशी झालीस तू!"

मुलगी. जूनमध्ये झाली. नाव उत्तरा.

आम्ही मुलुंडला, ती कुर्ल्याला; असं लांब आहे तरी किती? आणि मला हे दिवाळीच्या तोंडावर कळतंय, भाजीवालीच्या मागे!

"कुणासारखी आहे?" मी विचारलं. मीरा हसली. "रडते तरी वनीसारखी. अख्खी कॉलनी जागी."

पत्ता घेतला. कोथिंबीर विसरून आले.

२७ ऑक्टोबर, रविवार

बोलता येत नाही, तर निदान लिहून तरी टाकते.

वनमाला माझी धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी तिनं ऑफिसातल्या अंबादासशी लग्न केलं. तो बौद्ध, आम्ही मालवणकडचे मराठे. मुलगा कसा आहे, घर कसं आहे, तात्यांनी काही विचारलं नाही. जात कळली, तिथंच बोलणं संपलं. "मोठीचा लगीन व्हावचा हा. तिका कोण करीत मगे?" मोठी म्हणजे मी. माझ्या नावावर तिला दार बंद झालं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हापासून घरी कुणी आलं की तात्या सांगतात, "माका एकच चेडू." मी चहाचे कप घेऊन समोर उभी असते. एकच मुलगी!

माझं लग्न? ते अजून व्हायचंच आहे.

२८ ऑक्टोबर

तात्या कामावर गेल्यावर आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. सगळे निवडले, सूप भिंतीला टेकवलं, आणि मग ट्रंक उघडून बसली. अगदी तळातून एक खण काढला. हिरवा, लाल काठाचा.

"कुंची शिव."

एवढंच. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "पयली दिवाळी पोराची. आज्येकडची कुंची लागता."

नाव काय, ते दोनदा विचारलं. "उत्तरा." पुटपुटत स्वयंपाकघरात गेली.

२९ ऑक्टोबर

पण माप कुठून आणू? न पाहिलेल्या पोरीचं डोकं केवढं असतं?

खालच्या मजल्यावरच्या शांताबाईंचा नातू तेवढाच आहे. टेप घेऊन गेले. पठ्ठ्या टेपच चघळायला लागला! "कशाला गं माप?" शांताबाई. "शाळेत पोरींना दाखवायचंय." खोटं बोलायची सवय नाही मला, कान तापले. डोक्याचा घेर घेतला, मानेपासून पाठ घेतली. थोडं मोठंच कापायचं ठरवलं. वनीची मुलगी आहे, खायला-प्यायला कमी नसणार.

१ नोव्हेंबर

टोपीचा भाग झाला. आता पाठीवर सोडायची झूल. आत मऊ मलमल लावतेय, खण गालाला टोचू नये म्हणून. आई काठाला लेस लावते — हातशिलाई, मुंगीच्या पावलासारखे टाके. मशीनचं नको म्हणाली.

तात्या अवचित आत आले. "ह्या कोणाचा?"

आई मान वर न करता, "शांताबाईच्या नातवाक."

तात्या बघत राहिले. "झिलग्याक हिरवो खण?" मुलग्याला खण, हे त्यांनाही पटलं नाही. मग पेपर उचलून बाहेर गेले.

आईनं आणि मी एकमेकींकडे बघितलंही नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

आज आई स्वतःहून चाकावर बसली. इतकी वर्षं मशीन तिच्याच घरात, पण चाकावर आम्ही मुली. तिचा वेग सावकाश. मला मधे मधे थांबावं लागत होतं. आणि थांबले की वनी आठवायची.

केवढं बोलायची! कोण कसं बोलतं याच्या नकला, ऑफिसातले रॉंग नंबर, सगळं टीप मारता मारता. मी हसले की कापड हलायचं, मग मलाच ओरडायची. एकदा दोघींनी मिळून तिच्या परकराचा पुढचा-मागचा घेर एकमेकांना शिवून टाकला. पाय घालायला जागाच नाही! आई खूप बोलली आणि मग स्वतःच हसत बसली.

दोन वर्षांत मी एवढं हसले नाही. नसेल. आठवत तरी नाही.

७ नोव्हेंबर

झाली! शेवटचा टाका आईनं घातला. कुंची हातावर चढवून हात गोल फिरवला, जसं काही आत डोकं आहे. मग माझ्याकडे देऊन म्हणाली, "बघ, नीट झाली मां?"

१० नोव्हेंबर, रविवार, धनत्रयोदशी

जाऊन आले. तात्यांना मीराकडे जाते म्हणून सांगितलं होतं.

दार अंबादासनं उघडलं. खांद्यावर ती! मला ओळखायला त्याला एक क्षण लागला. मग आत वळून मोठ्यानं, "वना, बघ कोण आलंय!" त्याची आई द्रौपदीबाई लगबगीनं पुढे. "मावशी आली बाळाची! या, या, बसा." इतक्या सहज, जशी काही मी दर रविवारी येते.

वनी आतून आली. वाळलीय. केस कापलेत. हात पुसत पुढे आली. मग म्हणाली, "चष्म्याची फ्रेम बदललीस." मी म्हटलं, "हो." दोन वर्षांनंतर हे बोललो आम्ही!

उत्तराला मांडीवर घेतलं. पहिली गोष्ट काय केली, तर चष्मा ओढला. गरम, जड, दुधाचा वास. कपाळ थेट तात्यांचं.

चहा झाल्यावर मी पिशवीतून कुंची काढली. द्रौपदीबाई म्हणाल्या, "किती सुंदर!" वनीनं हातात घेतली, उलटी केली, काठावरून बोट फिरवलं.

"हे आईचे टाके."

"हो. खणही तिचाच."

"घरात काय सांगितलं, कुणासाठी शिवताय?"

मी कप बशीत नीट ठेवला.

"सांग ना, नले."

"शांताबाईंच्या नातवासाठी."

वनी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. कुंचीची नीट घडी केली, जशी आई करते तशीच, आणि परत माझ्या पिशवीत ठेवली.

"वाईट वाटून घेऊ नकोस. पण दुसऱ्याच्या नावानं शिवलेलं मी हिला नाही घालणार. हिचं नाव घ्यायची लाज वाटते ना, मग राहू दे."

"वना, अगं दिवाळीचं..." अंबादास म्हणाला. तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो बाळाला घेऊन खिडकीशी गेला.

मी म्हटलं, "आईला लाज नाही गं. भीती आहे."

"माहितेय. मलाही होती." मग हळूच, "तुझ्या लग्नासाठी मला काढलं ना? झालं का तुझं लग्न?"

मला रडू आलं. तिलाही. द्रौपदीबाई काही न बोलता आत गेल्या आणि शेवेचा डबा घेऊन आल्या. "सणाचं कुणी रिकामं जाऊ नये."

वनी बस स्टॉपपर्यंत आली. वाटेत माझा हात धरला होता — बस दिसेपर्यंत सोडला नाही.

११ नोव्हेंबर

पहाटे अभ्यंगस्नान. आई माझ्या पाठीला उटणं लावत कानाशी, "बसली काय गो?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर बसली."

काय करू? तिचा हात उटण्यासकट पाठीवर थांबला होता.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

फराळाच्या ताटात द्रौपदीबाईंची शेव. मीराकडची म्हणून सांगितलं. तात्यांनी तिसऱ्यांदा मागितली. "मीराच्या आवशीचो हात बरो हा. तुमच्या दोघींची अशी खुसखुशीत नाय होवक."

माझ्या घशात करंजी अडकली. आई मला पाणी देऊन गेली.

आई आज दिवसभर गुणगुणतेय. फिरून फिरून तेच — टोपीचं टोक नीट मागे येतं ना? गळ्याला करकचत नाही ना? हसली का? "हसली," मी म्हणते. "टोक नीट येतं." एक खोटं, त्यावर दुसरं. आणि कुंची माझ्या शाळेच्या पिशवीत, पोरींच्या तपासायच्या रुमालांखाली.

१३ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी तात्यांनी कोपरी घातली. खिसा दोनदा चाचपून पाहिला, म्हणजे आवडली. आईच्या पोलक्याचा गळा यंदा घट्ट नाही, सैल झालाय! "राहूदे, मी जाडी होतलय," म्हणाली. आणि मग हळूच, "फुडल्या वर्साक उत्तराक मोठी शिवया. आतापासना कापड बघून ठेव."

मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात तिला सगळं सांगितलं. पिशवीतून कुंची काढून पुढ्यात ठेवली.

आई ओट्याला टेकून उभी. रडली नाही. वनीचे शब्द परत सांगायला लावले. दुसऱ्याच्या नावानं शिवलेलं. "खरा बोलली," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तात्यांना पाटावर बसवून ओवाळलं. तात्यांनी नेहमीसारखं पाकीट तबकात ठेवलं. आईनं ते उचलून त्यांच्या हातात परत दिलं.

"माका ह्या नको. उद्या माका कुर्ल्याक जावचा हा. वनीच्या चेडवाक बघूक."

तात्या पाटावरच. निरांजन तबकात जळत होतं. मी भिंतीला चिकटले.

"तुका ठावक हा मां, मी काय सांगलंय तां?"

"ठावक हा. दोन वर्सा ऐकलंय." आईनं तबक खाली ठेवलं. "काल तीनदा मागून खाल्लात ती शेव वनीच्या सासवेची. बाटलात काय?"

तात्या उठले. गॅलरीत जाऊन उभे राहिले. जेवले नाहीत.

१४ नोव्हेंबर, भाऊबीज

आई गेली. एकटी! बाजारापलीकडे एकटी कधी गेली नाही. मी येते म्हटलं, तर "नको. तू जावन इलंस. आता माझी पाळी."

नवं पोलकं, ठेवणीतलं लुगडं. कुंची पिशवीत घालून देत होते, तर नको म्हणाली. हातातच घेतली, उघडी. तात्या खुर्चीत पेपर धरून. पान उलटत नव्हते.

खालच्या मजल्यावर शांताबाईंचा आवाज आला. "अय्या, किती गोड! कुणाची हो?"

आणि मग आई. एवढ्या मोठ्यानं ती कधी बोलत नाही. जिना घुमला.

"माझ्या नातीची! आमच्या वनमालेच्या मुलीची. उत्तरा नाव तिचा."

पेपरामागे काहीच हललं नाही.

१४ नोव्हेंबर, दिवेलागण

आई अजून आली नाही. तात्या चार वेळा गॅलरीत जाऊन आले. आत्ता शर्टाची बटणं लावत माझ्या दारात उभे आहेत. माझ्याकडे न बघता विचारतायत —

"कुर्ल्याक उतरान खंयच्या बाजूक जावचा गो?"