मुदत तीस नोव्हेंबर

मालवण,
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्वप्ना,

तुला आणि घरच्या सगळ्यांना माझा सलाम. दिवाळी उलटली तरी यंदा पाऊस हटला नाही, तेव्हा तुमची भातकापणी कशी झाली असेल, याचा विचार अधूनमधून येतो. तुझ्या आईच्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे?

माझा नंबर तू फोनमध्ये बंद करून ठेवला आहेस, हे मला माहीत आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पुण्यात असताना तुझ्या आईने मला कोकमाची सोलं पाठवली होती, त्या खोक्यावर वालावलचा पत्ता होता. तो मी वहीत उतरवून ठेवला होता. मालवणाहून वालावल काही लांब नाही. तरी वर्षभर इथे असून मी तिकडे फिरकले नाही, आणि आता पत्र लिहिते आहे.

माझं म्हणशील तर, अब्बांच्या आजारपणामुळे मी गावी परतले हे तुझ्या कानावर आलंच असेल. त्यांचा डावा हात अजून वळत नाही आणि बोलणं सावकाश झालं आहे. बंदराजवळचा आमचा बर्फाचा कारखाना आता मी बघते. पहाटेपासून होड्यांची माणसं लाद्या न्यायला येतात. पहिले दोन महिने ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, आता हक्काने भांडतात. यंत्रं सांभाळायला लवूकाका आहेत. अब्बांच्या तरुणपणापासून ते इथेच आहेत. कॉम्प्रेसरचा आवाज जरा बदलला तरी जेवणाच्या ताटावरून उठतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. माझ्या माहिती-सुरक्षेच्या प्रमाणपत्राची तीन वर्षांची मुदत या तीस तारखेला संपते. बर्फाच्या कारखान्यात त्याचा काय उपयोग, म्हणून मी ते सोडून देणार होते. पण पुण्याच्या एका कंपनीने विचारणा केली आहे. काम घरूनच करायचं, हुद्दाही चांगला आहे. अट एकच, प्रमाणपत्र चालू हवं. माझा भाऊ हमझा डिसेंबरात कुवेतहून कायमचा परत येतो आहे, तो कारखाना बघायला तयार आहे. म्हणजे मी मोकळी होते. आणि एकदा मुदत गेली की सगळी परीक्षा पहिल्यापासून द्यायची. एकेचाळिसाव्या वर्षी ते होईल असं वाटत नाही.

नूतनीकरणाला लागणारे अभ्यासाचे तास माझे भरले आहेत. कारखान्याच्या ऑफिसात बसून कानात व्याख्यानं ऐकली, बाहेर लाद्या आपटत होत्या. अर्जाचं शेवटचं एक पान तेवढं उरलं आहे. रोज सकाळी ते उघडते आणि मिटते. मग जेटीपर्यंत चालत जाते, परत येते, पुन्हा उघडते. काल असं चार वेळा झालं. अम्मा म्हणाली, तुला काय मुंग्या चावतात?

तुझी त्या परीक्षेची तयारी मीच करून घेतली होती, म्हणून तुझं मत विचारावंसं वाटलं. करू का नूतनीकरण? की आता जे काम हातात आहे तेच आपलं म्हणावं?

सवडीने लिही.

तुझी,
नाझताई


मालवण,
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्वप्ना,

तुझं उत्तर मिळालं. वहीच्या अर्ध्या कागदावर तीन ओळी. “नाझमीन मॅडम, पत्र मिळालं. नूतनीकरण करायचं की नाही हे विचारायला तुम्ही मला लिहिलंत? शेवटच्या पानावर काय असतं ते मलाही ठाऊक आहे.”

तू मला ‘तुम्ही’ लिहिलंस. पुण्याच्या त्या ऑफिसात मी एकदा फोनवर अब्बांना ‘खंय आसास?’ विचारत होते आणि तू खुर्चीसकट गर्रकन वळली होतीस. त्या दिवसापासून आपण दोघी चहाच्या टेबलावर मालवणीतच बोलायचो. तेव्हापासून तुझ्या तोंडून मी ‘तुम्ही’ ऐकलं नव्हतं. ते वाचून कागद टेबलावर ठेवला आणि विनाकारण कारखान्यात दोन फेऱ्या मारून आले.

तुझं बरोबर आहे. शेवटच्या पानाबद्दल मी मुद्दाम लिहिलं नाही. तिथे एक चौकट आहे. गेल्या तीन वर्षांत मी व्यवसायाचे नीतिनियम पाळले आहेत, असं जाहीर करून तिच्यात खूण करायची. बाकी काही नाही. तुझं मत मला हवं होतं हे खोटं होतं. तू “कर” म्हणालीस तर ती खूण करायला बरं पडेल, एवढंच माझ्या मनात होतं.

हे मला स्वतःला कधी कळलं तेही सांगते. गेल्या मंगळवारी कारखान्याच्या तपासणीला अधिकारी येणार होते. अमोनियाची गळती झाली तर वाजणारा भोंगा दर महिन्याला वाजवून बघायचा आणि वहीत सही करायची, असा नियम आहे. ऑक्टोबरची सही राहिली होती. मी वही लवूकाकांपुढे सरकवली आणि म्हटलं, भोंगा चांगलाच आहे, टाका सही. त्यांनी पेन घेतलं, चष्मा लावला, तारीख वाचली आणि पेन खाली ठेवलं.

“जा बघूक नाय, ता बघलंय म्हणान कसा लिहू, बाय?”

रागाने नव्हे, न बघितलेलं बघितलं म्हणून कसं लिहायचं, ते खरंच विचारत असावेत तसं. मी वही परत घेतली. अधिकाऱ्यांना ती रिकामी जागा दाखवली, त्यांनी शेरा मारला, विषय संपला. पण त्या दिवशी मी ती वही पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. तुलाही मी असंच म्हटलं होतं. तू लवूकाकांसारखी साठीची नव्हतीस. तू चोवीस वर्षांची होतीस आणि समोर मी होते.

सगळं लिहिते. तुला ते माहीत आहे, तरी माझ्या हाताने एकदा लिहायला हवं.

फेब्रुवारी २०२४. घाटावरच्या त्या दवाखान्याचं ऑडिट माझ्याकडे होतं आणि तू माझ्या हाताखाली होतीस. त्यांच्या नोंदींची जी राखीव प्रत ठेवली जाते, ती दुसऱ्या यंत्रावर चढवून खरंच उघडते का हे तपासायचं होतं. त्याला अख्खा दिवस लागला असता आणि अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तू मला विचारलंस, “ताई, ही चाचणी राहिली आसा. उद्या करूया?” मी म्हटलं, गेल्या वर्षी झाली होती, लिहून टाक. तू पुन्हा विचारलंस. मी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं, “स्वप्ना, लिहून टाक.” तू लिहिलंस. तपासणीच्या यादीत तुझं नाव पडलं, अहवालावर माझी सही झाली.

एप्रिलमध्ये कुणीतरी बाहेरून शिरून त्यांच्या सगळ्या फाइलींना कुलूप ठोकलं. राखीव प्रत उघडायला गेले तर ती सहा महिन्यांपासून रिकामीच होती. डायलिसिसला येणाऱ्या माणसांच्या नोंदी गेल्या. अकरा दिवस नर्सेस खाटेखाटेशी जाऊन कुणाला काय दिलं जातं ते विचारून लिहून घेत होत्या. कुणी दगावलं नाही. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की त्याचा अर्थ उरलेला नाही.

कंपनीच्या चौकशीच्या खोलीत अजयसरांनी विचारलं, चाचणी कुणी केली? तू माझ्याकडे बघितलंस. मी समोरच्या कागदाकडे बघितलं. अजयसर म्हणाले, यादीत नाव स्वप्नाचं आहे. तू म्हणालीस, “मला सांगण्यात आलं होतं.” त्यांनी मला विचारलं, तुम्ही असं सांगितलं होतं? मी म्हटलं, मला आठवत नाही.

आठवत होतं, स्वप्ना. तुझ्या ओढणीचा रंगसुद्धा आठवतो.

आज इतकंच लिहिता येतं. तुला माझ्याकडून काय हवं आहे ते सांग. काहीच नको असेल तर तेही सांग.

नाझमीन


मालवण,
२९ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्वप्ना,

मागच्या आठवड्यात बुधवारी तुझा फोन आला तेव्हा मी लाद्या मोजत होते. अनोळखी नंबर, गिऱ्हाईक असेल म्हणून उचलला आणि तुझा आवाज ओळखला तशी मोजणी तिथेच राहिली. तू एवढंच म्हणालीस, “माका माफी नको, ताई. कागद होयो.” मग सांगितलंस की तुला मिळालेल्या सेवामुक्तीच्या पत्रात ‘कामात गंभीर निष्काळजीपणा’ असं लिहिलं आहे. दीड वर्षात पाच मुलाखती त्याच ओळीवर येऊन थांबल्या आणि तू कुडाळला मुलांना कॉम्प्युटरचे धडे देते आहेस. ती ओळ मला माहीत नव्हती. माहीत करून घ्यायचा प्रयत्नही मी केला नव्हता.

‘ताई’ तुझ्या तोंडून सवयीने निघालं की काय, याचा विचार मी बराच वेळ केला. मग सोडून दिला. त्यावरून स्वतःची सुटका करून घ्यायचा मला अधिकार नाही.

कागद सोबत जोडला आहे. त्यात मी काय सांगितलं, तू किती वेळा विचारलंस आणि चौकशीत मी खोटं बोलले, हे तारखेसकट आहे. हाच मजकूर तुझ्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, कंपनीला पाठवला. शुक्रवारी अजयसरांचा फोन आला. आधी त्यांनी अब्बांची तब्येत विचारली. मग म्हणाले की प्रकरण मिटलं आहे, दवाखान्यानेही विषय सोडला आहे, आता उकरून कुणाचं भलं होणार? मी म्हटलं, स्वप्नाचं. त्यावर ते म्हणाले,

“नाझमीन, हे कागदावर राहिलं तर या क्षेत्रात तुला कुणी उभं करणार नाही.”

मी म्हटलं, ते लक्षात ठेवूनच पाठवलं आहे.

सोमवारी त्यांनी ऑनलाइन बैठक घेतली, कायद्याच्या बाजूच्या एक बाईही होत्या. मला सगळं पुन्हा तोंडाने सांगायला लावलं. त्या बाईंनी दोनदा विचारलं, “म्हणजे तुम्हाला तेव्हा आठवत होतं?” दोन्ही वेळा मी हो म्हटलं. काल त्यांचं लेखी उत्तर आलं. तुझ्या पत्रातली ती ओळ काढून नवं पत्र ते थेट वालावलच्या पत्त्यावर पाठवणार आहेत. पंधरा दिवसांत आलं नाही तर मला कळव, मी स्वतः पुण्याला जाईन.

आता प्रमाणपत्राचं. शेवटच्या पानावर ती खूण केली नाही तर खाली कारण लिहायला जागा उघडते, हे मला माहीत नव्हतं. इतक्या वेळा ते पान उघडून मी कधी खाली बघितलं नव्हतं. त्या जागेत सगळं लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं की प्रकरण समितीपुढे जाईल, तोवर नूतनीकरण थांबवलं आहे. पुण्याच्या नव्या कंपनीलाही मीच कळवलं. त्यांनी सभ्य शब्दांत दिलगिरी व्यक्त केली. समिती पुढेमागे काय ठरवेल ते ठरवो, उद्या माझी मुदत संपेल. इतके दिवस मी ‘करू की नको’ म्हणून जी येरझार घालत होते, ती प्रमाणपत्रासाठी नव्हतीच.

आणखी एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की अब्बांच्या आजारपणामुळे मी परतले. सगळ्या मालवणला तेच ठाऊक आहे. खरं म्हणजे राजीनामा मी अब्बा आजारी पडायच्या तीन आठवडे आधी दिला होता. तुझं रिकामं टेबल रोज समोर असायचं आणि मला तिथे बसवेना. नंतर त्यांचा आजार आला आणि मला सांगायला कारण मिळालं. अब्बा मात्र वर्षभर मनात कुढत होते. माझ्या आजारामुळे मुलीची एवढी मोठी नोकरी गेली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि मी ते ऐकून गप्प बसायचे.

मंगळवारी दुपारी त्यांच्या खाटेजवळ बसून त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील, निदान तोंड फिरवतील. त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मला वाटलं माझ्याबद्दल काही बोलतील.

“त्या चेडवाचा मगे काय झाला?”

मी सांगितलं. तुझी कुडाळची शिकवणी, पाच मुलाखती, सगळं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी माझं मनगट सोडलं आणि म्हणाले, थकलो, जरा पडतो. संध्याकाळी चहाही घेतला नाही. त्यांच्यावरचं एक ओझं उतरलं आणि दुसरं चढलं, ते मीच चढवलं. काल सकाळी त्यांनी आपणहून विचारलं, पत्र पाठवलंस का?

म्हणून आज पाठवते आहे.

मन स्वस्थ झालं आहे असं नाही. आजही जेटीपर्यंत दोनदा जाऊन आले. हमझा आल्यावर मी इथे काय करणार, हे मला ठाऊक नाही. लवूकाका म्हणतात, नव्या कॉम्प्रेसरचं काम शिकून घे. शिकेन बहुधा. तू परीक्षेला बसलीस तर माझ्या सगळ्या वह्या तुझ्या आहेत, पण त्या मी न विचारता पाठवणार नाही.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. जोडलेल्या कागदाबरोबर हे पत्रही जपून ठेव. कुठे दाखवायची वेळ आली तर बिनदिक्कत दाखव, दोन्हींवर मी सही केली आहे. तेवढ्यासाठीच खाली पूर्ण नाव लिहिते.

नाझमीन गुलाम नाखवा