त्या सकाळी वारा नव्हता

बेंगळूर,
रविवार, ११ ऑक्टोबर १९६४

प्रिय नयना,

एक किलोच्या थाळ्या अकरा, दोन किलोच्या चार. फेकीच्या वर्तुळाची लोखंडी कडी एक, आठ तुकड्यांत, बोल्टांनी जोडायची, आतला व्यास आठ फूट अडीच इंच. थाळी तोलायचा तराजू एक, कारण हलसूरच्या वाण्याच्या वजनांवर माझा विश्वास नाही. पायाखाली फिरणारा लाकडी पाट एक, ज्यावर उभी राहून तू गिरकी शिकलीस आणि दोनदा पडलीस. बांबू आणि जुनं मासेमारीचं जाळं यांचा आडोसा एक. दहा चित्रांचा तक्ता एक. हे सगळं मी माझ्या हातानं केलं, कुणी शिकवलं नाही, आणि तक्ता सोडला तर यातल्या एकाही वस्तूत आजही सूतभर चूक निघायची नाही. तक्त्यात निघाली आहे. ती तुला सांगायची आहे. आणखीही एक सांगायचं आहे, ते शेवटी लिहितो.

घरी सगळं ठीक आहे. आईचे गुडघे थंडी पडायच्या आतच बोलायला लागलेत. चकलीची भाजणी तिनं दळून ठेवली आहे, माझ्या कारखान्यातला जयतीर्थ हुबळीला जाणार आहे त्याच्याबरोबर पाठवते म्हणाली. तू शिकवतेस त्या धारवाडच्या शाळेतल्या दोन मुलींनी जिल्ह्याच्या सामन्यात थाळीफेकीची बक्षिसं मिळवली, हे तू आईला लिहिलेल्या पत्रातून कळलं. मला तुझं पत्र येत नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही. दिवाळीला येतेस तेव्हा 'अण्णा, जेवलात का?' एवढं विचारतेस आणि तक्ता आहे त्या खोलीत पाऊल टाकत नाहीस, हे माझ्या लक्षात येत नाही असं समजू नकोस. येत्या जानेवारीत तू थाळी खाली ठेवलीस त्याला पाच वर्षं होतील.

मुळापासून सांगतो, कारण सुरुवात झाली तेव्हा तू लहान होतीस. कारखान्याच्या खेळांच्या दिवशी एक थाळी दगडावर आपटून दुभंगली. ओतकामाचे लाकडी नमुने करणारा माणूस म्हणून ती माझ्याकडं दुरुस्तीला आली. दुरुस्ती मला आवडत नाही. मी नवीच केली. शिसवी लाकूड, बैलगाडीच्या चाकाला असते तशी कडेनं लोखंडी धाव, मधोमध दोन्ही बाजूंना पितळी चकत्या. वजन बरोबर, माप बरोबर, पण फेकल्यावर ती हवेत लटपटली. ती का लटपटते हे कळावं म्हणून मी स्वतः फेकायला लागलो. त्रेचाळीसाव्या वर्षी. शेजारच्या गंगव्वाक्का दारात उभ्या राहून आईला विचारायच्या, 'काय गं, तुझा नवरा जेवण आवडलं नाही की ताट माळावर नेऊन फेकतो का?' पुढं तू माझ्याबरोबर यायला लागलीस तेव्हा त्या म्हणाल्या, 'आता लेकही! तुमच्या घरी पंगत कशी बसायची?' आई हसायची. मी हसलो नव्हतो. आता आठवून हसू येतं.

सत्तावन्न साली शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात, भंगारवाल्याच्या ढिगात मला इंग्रजी मासिकाचं एक सुटं पान मिळालं. कुणा परदेशी थाळीफेक्याची ओळीनं अकरा चित्रं, उभं राहण्यापासून थाळी सुटेपर्यंत. मराठी चौथी शिकलेला माणूस मी, चित्रांखालचं इंग्रजी मला तेव्हा वाचता येत नव्हतं. चित्रं येत होती. मी ती पात्यानं कापली, पुठ्ठ्यावर चिकटवली, वर तेल दिलं. सातव्या चित्रावर कुणीतरी चहाचा पेला ठेवला होता. अर्धा गोल डाग, वर एक कड फाटलेली. मला अस्वच्छ काम चालत नाही हे तुला ठाऊक आहे. शिवाय अकरा चित्रं पुठ्ठ्यावर नीट बसत नव्हती, दहा बसत होती, पाच-पाचच्या दोन ओळी. सातवं मी काढून टाकलं. त्या कागदानं हातावरचा सरससुद्धा पुसला असेल.

त्यामुळं आपल्या तक्त्यावर काय राहिलं ते बघ. सहाव्यात गिरकी संपलेली, दोन्ही पाय टेकलेले, अंग आडवं, थाळी पाठीमागं. त्याच्या पुढच्याच चित्रात छाती मैदानाकडं आणि थाळी खांद्याच्या रेषेत. मधलं मी माझ्या अकलेनं भरलं. हात ओढतो, हातानं ओढलं की अंग वळतं, असं. तुला तेच शिकवलं. हात आधी, कंबर मागून. हात बळकट व्हावा म्हणून तुला विटा उचलायला लावल्या. आनेकलच्या सामन्यात तू पहिली आलीस तेव्हा मला वाटलं, झालं, पद्धत सिद्ध झाली. पण तिथं तुझ्यासमोर होत्याच तीन मुली. नंतरचं सबंध वर्ष तू सत्त्याण्णव फुटांवर अडकलीस आणि मी रोज म्हणत राहिलो, ओढ, अजून ओढ.

तेरा डिसेंबर एकोणसाठ, रविवार. आदल्या संध्याकाळी आईच्या मदतीला तू दोश्याचं पीठ रगडलं होतंस, पाहुणे यायचे होते. सकाळी माळावर म्हणालीस, 'अण्णा, आज हातात जीव नाही. नुसती गिरकी घेते.' जयतीर्थ कचेरीतली टेप घेऊन पलीकडं उभा होता. तू फेकलीस. थाळी लटपटली नाही, पुढची कड किंचित खाली ठेवून ती हवा कापत गेली आणि जयतीर्थाच्या डोक्यावरून पलीकडं पडली. त्यानं मापलं आणि ओरडला, 'अण्णा, माझी टेप आखडली वाटतं!' पुन्हा मापलं. एकशे बारा फूट चार इंच. तू धावत आलीस. 'मी हाताला काही केलंच नाही अण्णा, तो मागं राहिला आणि मग आपला आपण आला.' मी काय म्हणालो? 'आपला आपण यायला हात काय पाहुणा आहे?' घरी आल्यावर तू तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिलीस. आणि म्हणालीस, 'या दोन चित्रांच्या मधलं काहीतरी राहिलंय.' बोट बरोबर तिथंच होतं. मी म्हणालो, 'तक्ता मी केलाय.'

त्या दिवशीची फेक मी वहीत लिहिली, पण शेऱ्याच्या रकान्यात 'वारा' असं लिहिलं. म्हणजे फेक धरायची नाही. त्या सकाळी वारा नव्हता. जयतीर्थानं बोट ओलं करून वर धरलं होतं आणि 'गाळी इल्ल, पानसुद्धा हलत नाही' असं म्हणाला होता. मी ऐकलं होतं. माझ्या वहीत नऊ वर्षांच्या नोंदी आहेत, सगळ्या खऱ्या, आणि ही एक खोटी. तू ती वाचलीस हे मला माहीत होतं, कारण वही तू नेहमी ठेवायचीस तशी न ठेवता उघडीच ठेवली होतीस.

पुढचे पाच आठवडे तुला ठाऊक आहेत. दिवसाला चाळीस फेकी, हात आधी. खांदा सुजला, आई रात्री तेल चोळायची आणि माझ्याशी बोलायची नाही. राज्याच्या निवड चाचणीत तू अठ्ठ्याऐंशी फूट फेकलंस. सगळ्यांच्या देखत मी तुला विचारलं, 'हात कुठं होता तुझा? तक्ता डोळ्यांसमोर आणला होतास का?' फडक्यानं थाळी पुसलीस, पिशवीत ठेवलीस, पिशवी माझ्या हातात दिलीस. खांद्याचा दोष मी मनातल्या मनात तुझ्या आळसावर टाकला होता, हेही लिहून टाकतो. लपवून काय करायचं?

यंदा ऑगस्टमध्ये हयवदनराव घरी आले. कमर्शियल स्ट्रीटवर त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे, दोन वर्षं ते शाळांसाठी माझ्या थाळ्या घेतात. परदेशातून आलेलं एक नवं पुस्तक त्यांनी मला बघायला आणलं होतं. त्यात तोच माणूस, तीच चित्रं, स्वच्छ छापलेली. मी मोजली. अकरा. सातव्यात उजवा पाय जमिनीत पीळ दिल्यासारखा वळलेला, डावा पाय खांबासारखा रोवलेला, कंबर पुरती मैदानाकडं, आणि हात अजून मागंच, थाळी धरली आहे हे विसरल्यासारखा. आता कोशाच्या मदतीनं मला इंग्रजी वाचता येतं. चित्राखाली लिहिलं होतं, हात सगळ्यांत शेवटी. मी पुस्तक मिटलं आणि हयवदनरावांना कॉफी विचारायची राहून गेली. आईनं आणली.

दुसऱ्या दिवशी मी एकटा माळावर गेलो. एक किलोची थाळी. वीस फेकी माझ्या तक्त्याप्रमाणं, सरासरी चौऱ्याऐंशी फूट. वीस फेकी तुझ्याप्रमाणं, सरासरी एकशे एक. बावन्नाव्या वर्षी, तोच हात, तीच थाळी, मधे फक्त पाण्याचा घोट. तुला हे सगळं येतं, तू मुलींना शिकवतेस, तरी लिहितो, कारण माझ्या अक्षरात हे बरोबर असं कुठंच लिहिलेलं नाही. थाळी बोटांच्या पहिल्या पेरांवर टेकावी, मूठ आवळू नये. गिरकी सावकाश सुरू करावी, घाई शेवटासाठी राखावी. उजवा पाय टेकला की थांबू नये, तो वळतच राहावा. डावा रोवला की ढिला पडू देऊ नये, तो ढिला पडला की सगळं बळ गळून जातं. मग गुडघा, मग कंबर, मग छाती, मग खांदा. ओलं लुगडं पिळताना एक टोक पुढं जातं आणि दुसरं मागं राहतं, तसा अंगाला पीळ बसला पाहिजे. बळ त्या पिळात आहे. हात नुसता त्याच्या मागून येतो. लहानपणी निपाणीकडं जोंधळ्याच्या शेतात मी गोफण फिरवली आहे, पाखरं उठवली आहेत. गोफणीतला दगड हाताच्या आधी निघत नाही, हे माझ्या अंगाला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. पण मी पुठ्ठ्यावर विश्वास ठेवला, कारण पुठ्ठा मी केला होता.

चूक माझी होती. तुझं बरोबर होतं, तेव्हाच, सोळाव्या वर्षी, पुस्तक न बघता. वहीतला 'वारा' मी आडवी रेघ मारून खोडला आणि शेजारी लिहिलं: 'वारा नव्हता. फेक खरी. पद्धत नयनाची.' खाली सही, तारीख. जयतीर्थाला साक्षीला बोलावलं. तो म्हणाला, 'पाच वर्षांनी साक्ष? कोर्टात टिकायची नाही, अण्णा.' मग चष्मा लावून त्यानं सही केली आणि म्हणाला, 'तेव्हाच विचारलं असतं तर तेव्हाच दिली असती.'

आता शेवटचं. हयवदनरावांना थाळ्यांबरोबर विकायला एक पुस्तिका काढायची आहे, कानडीत आणि मराठीत, माझ्या तक्त्यावरून. वर माझं नाव लावून 'दामोदर पद्धत'. मी म्हणालो, तक्ता चुकीचा आहे. ते म्हणाले, 'सरी, ठीक आहे, मग ते एक चित्र घाला की. स्वल्प बदल. कुणाला कळणार?' मी म्हणालो, ज्या मुलीला ते आधी कळलं ती धारवाडला आहे. ते हसले. 'मुलगी तुमचीच ना? घरातल्या घरात काय नाव लावायचं!' मी त्यांना तुझा शाळेचा पत्ता लिहून दिला आणि सांगितलं, पद्धत तिची, तिला विचारा, नाव घालायचं तर तिचं घाला. ते तुला लिहितील. हो म्हण, नाही म्हण, उत्तरच देऊ नकोस, मी मधे नाही. फक्त त्यांचं पत्र पोचायच्या आत तुला हे माझ्याकडून कळावं, आणि पैशांचा आकडा बाहेरून वाढून किंवा घटून तुझ्या कानावर येऊ नये, म्हणून आज लिहायला बसलो. पुस्तिकेवर माझं नाव घालण्याचे त्यांनी आधी आठशे सांगितले, मग बाराशे, आणि दारात चपला घालताना पंधराशे रुपये. माझा जवळजवळ नऊ महिन्यांचा पगार. मी तिन्ही वेळा नको म्हणालो.

तुझाच,
अण्णा