पुसलेला डाग

प्रिय टोळोबा,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस आणि तुझ्यामागून मीही वेड्यासारखी हसते. म्हणून पत्र. बरोबरचं पाकीट आत्ता उघडू नकोस. उघडलंच असशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तर परत बंद कर आणि आधी हे वाच.

आई बरी आहे. तुझा गेल्या वर्षीचा शर्यतीतला फोटो तिने कपाटावरून काढून उशाशी ठेवलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, "बघा, पोराचा चेहरा कसा स्वच्छ आलाय!" मी तिथून उठून जाते. स्टुडिओत नेहमीचंच चाललंय. लोकांना ओळखपत्रावरही नटूनथटून आल्यासारखं दिसायचं असतं, आणि मी दिवसभर संगणकावर त्यांच्या पुटकुळ्या, वण, डोळ्यांखालची वर्तुळं पुसत बसते. वीस वर्षं झाली या टचिंगला. आता समोर माणूस बोलत असला तरी त्याच्या चेहऱ्यावरून काय काय काढायचं, तेच मला आधी दिसतं.

डायलिसिसच्या त्या दोन वर्षांत तुझा चेहरा कसा झाला होता, आठवतं? उठायचास तेव्हा चादर आणि तू एकाच रंगाचे. मग माझी एक किडनी तुझ्या पोटात गेली आणि काही महिन्यांतच तू मैदानावर दिसायला लागलास. अवयव बदललेल्या खेळाडूंच्या पहिल्या स्पर्धेहून परतलास तो उन्हाने पार रापून. तो रंग बघून मी किती सुखावले म्हणून सांगू! टोपी घाल, उन्हाचं क्रीम लाव, लांब बाह्या घाल, असं डॉक्टर सांगून थकले. टोपी उडते, क्रीम घामाबरोबर डोळ्यांत उतरतं, ही तुझी रडगाणी. आणि तुझी बाजू कोण घ्यायचं? मीच. काळा पडला तर पडू दे, जिवंत दिसतोय ना, असं मीच त्यांना सुनावलं होतं. दवाखान्याच्या कागदावरचं मीठ, पाणी, गोळ्यांच्या वेळा आपण तोंडपाठ केल्या. शेवटची ओळ उन्हाची होती. ती वाचली आणि सोडून दिली.

मंगळवारी एक डॉक्टरीणबाई पासपोर्टच्या फोटोला आल्या होत्या, त्वचेच्या. प्रिंट निघेपर्यंत माझ्या मागे उभ्या होत्या. माझ्यासमोर तुझा यंदाचा फोटो होता, शेवटची रेषा ओलांडतानाचा, मोठा केलेला. हा कोण, म्हणून त्यांनी विचारलं. मी तोऱ्यात सांगितलं, भाऊ आहे, माझी किडनी घेऊन पाच हजार मीटर पळतो. त्यांचा चेहराच बदलला. "कानावरचं हे किती दिवसांचं आहे?" चष्म्याची दांडी घासते, हे तू मला दिलेलं उत्तर मी त्यांना दिलं. त्या खुर्ची ओढून बसल्या. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून तू ज्या गोळ्या घेतोस ना, त्या अंगातल्या पहारेकऱ्यालाच पेंगवतात. उन्हाने कातडीत काही बिघडवलं तर ते ओळखून निपटून काढणारं कोणी धड जागं नसतं. तुझ्यासारख्यांना कातडीचा कॅन्सर इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो म्हणाल्या, आणि तू तर रोज दोन-दोन तास उन्हात. "तेच असेल असं नाही. पण दाखवायला उशीर करू नका. आणि घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत, काय?"

माझी तर पाचावर धारण बसली. तेव्हापासून मला ऊन नकोसं झालंय. सकाळी खिडकीतून टेबलावर ऊन पडलं की मी उठून पडदा ओढते, जणू तूच तिथे बसला आहेस. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगाच नाही. माझी किडनी टिकावी म्हणून तू त्या गोळ्या गिळतोस, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. मला भीती वाटते रे, तू मशीनवर होतास तेव्हापेक्षाही जास्त.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हे आधीपासून होतं का, जुने फोटो बघा, असं बाई जाताना म्हणाल्या. मी छातीठोकपणे सांगितलं, नव्हतं. घरी येऊन आईच्या उशाचा फोटो पाहिला, कान साफ. मग स्टुडिओत ठेवलेले मूळ फोटो उघडले. टोळोबा, डाग होता. तीन वर्षांपूर्वी तिळाएवढा, पुढच्या वर्षी मसुराएवढा, गेल्या वर्षी वर खपली धरलेला. दर वर्षी तुझा फोटो माझ्याच हाताखालून गेला आणि दर वर्षी तो मीच पुसला. पुसल्याचं मला आठवतही नाही, इतकी हाताला सवय. पाकिटात चार वर्षांचे चार फोटो आहेत, जसेच्या तसे. बाईंकडे गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे, मी बसस्टँडवर उभी असेन. माझ्यावर चिड, वर्षभर बोलू नकोस, पण ये. आणि टोपी घालून ये.

लहानपणी तुझा हाच कान पिळणारी,
तुझीच ताई