फोन काय म्हणतो

१३ मे २००३, नेवासा

मोडेम मेला! काल संध्याकाळी टेलिफोनच्या तारेवर वीज पडली. मला कडकडाट कुठला ऐकू यायला — नवव्या वर्षी ताप आला तेव्हापासून कान बंदच. भिंतीवर निळा उजेड दिसला, मग जळका वास. फोन वाचला, कॉम्प्युटर वाचला, दोघांना जोडणारा मधलाच गेला.

आता दिशाच्या मेल कशा यायच्या? बाकीच्यांना फोन आहे. माझी लेक माझ्याशी बोलते ती फक्त पडद्यावर.

१५ मे

पुण्याहून दिशाचा फोन. ह्यांनी घेतला. एरवी माझ्याकडं तोंड करून बोलतात, म्हणजे मला ओठ वाचता येतात. आज पाठ फिरवली!

ठेवल्यावर विचारलं. "बरं हाय समदं. बाळ बी बरं हाय." आणि ताटावरून तसेच उठले.

बाळ चार महिन्यांचं. काय झालंय? कुणाला?

१७ मे

मच्छिंद्र येऊन गेला. स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. नवा मोडेम आणला — बाहेर ठेवायचा, दिव्यांचा. पण कॉम्प्युटर चालू केल्यावर कपाळाला हात. "काकू, ह्यात लिनक्स हाय. मला न्हाई ह्यातलं जमत. समदं पुसून विंडोज टाकतो."

पुसून? दिशानं लग्नाआधी स्वतः बसवून दिलंय ते लिनक्स, विंडोजच्या जागी. तिच्या सगळ्या मेल आत आहेत. नाही म्हटलं. फार जोरात म्हटलं असणार, तो दचकलाच. मोडेम ठेवून गेला.

मीच बघते. कोर्टाबाहेर टायपिंग करते, इंग्रजी अक्षरं बोटांना ठाऊक आहेत. अर्थ लागेल हळूहळू.

१८ मे

डायल करणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल सापडली. तीत अजून जुन्या मोडेमचीच जागा लिहिलेली — कॉम्प्युटर मेलेल्याला हाका मारतोय! ती खोडून पहिलं पोर्ट लिहिलं — कॉम्प्युटरमागं वायर खुपसायच्या खाचा असतात, त्यांतली पहिली. काही नाही. दुसरं लिहिलं — दिवे लुकलुकले!

मग पडद्यावर: नो डायलटोन. म्हणजे फोन उचलल्यावर येतो तो आवाज नाही.

लिनक्सचं हे एक बरं. फोनमधून जे ऐकू येतं ते अक्षरांत लिहून दाखवतं. मी ह्यांना रिसीव्हर कानाला लावायला सांगितलं. "येतोय का आवाज?" "येतोय की." म्हणजे लाइन चांगली, मोडेमपर्यंतच पोचत नाही. डबा उलटा केला. मागं दोन भोकं — एक लाइनचं, एक फोनचं. मच्छिंद्रनं वायर भलत्यातच खुपसली होती.

बदलली. आता इंटरनेटचा नंबर फिरला आणि लिहून आलं: बिझी.

१९ मे

बिझी. बिझी. बिझी.

२० मे

राहुरीहून नणंद आली, रेश्मा. सकाळी स्वैपाकघरात गेले तर डोळे पुसत होती. "कांदा," म्हणाली. विळीवर कांदा नव्हता, भेंडी होती.

हे म्हणतात, "ऱ्हाऊ दे आता ते मशीन. कशाला जिवाला तरास?" लाइन लागू नये असंच ह्यांना वाटतंय!

दिशाला काही झालंय. की जावयांनी... नको. मनात येऊ नये ते येतंय. टाइप चुकतं. आज एका अर्जात साहेबांचं नावच चुकवलं.

२१ मे

लागला! कनेक्ट! सगळे दिवे हिरवे. आणि मेल? नाही. सर्व्हर, म्हणजे मेल ठेवणारा पलीकडचा कॉम्प्युटर, सापडत नाही, असं लिहून येतंय. लाइन लागली आणि आत कुणीच नाही!

तासभर शोधलं. नाव दिलं की त्याचा इंटरनेटवरचा नंबर सांगणारा सर्व्हर कोणता, हे कॉम्प्युटरला माहीतच नाही — ती फाइल रिकामी. इंटरनेटचे तास विकत घेतो त्या कार्डामागं त्या सर्व्हरचे नंबर छापलेत. पहिला टाकला, दुसरा टाकत होते —

लाइट गेली. लोडशेडिंग!! रडूच आलं.

२२ मे

आल्या. सात मेल. शेवटची आधी उघडली. इंग्रजी अक्षरांतलं तिचं मराठी:

"आई, सहा मेल पाठवल्या, तुझं उत्तर नाही. बाळाला ऐकू येत नाही. तपासणी झाली. बाबा म्हणाले, आईला सांगू नको, जिवाला लावून घेईल. पण इथं सगळे नुसते रडतायत. मला त्याच्याशी बोलायला शिकायचंय. तू ये."

बाळंतपणानंतर दोन महिने तो इथंच होता, माझ्या मांडीवर. भांडं पडलं तर तो दचकायचा नाही. आणि मीही नाही. मला कसं कळणार होतं!

तिला लिहिलं — येते. सकाळच्या एस्टीनं.