अर्ध्या बोटाचा कागद

मेडशी,
१८ मे १९७६

चि. सेवालाल यास,
जयभीम आणि लिलाबाई काकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र आणि छापलेल्या चित्राची गुंडाळी, दोन्ही मिळालं. पोस्टमननं गुंडाळी सायकलच्या दांडीला बांधून आणली, त्यामुळे कागदाला एकही घडी पडली नाही. इकडे ऊन फार आहे. विहिरीत कमरेइतकं पाणी आहे, जूनपर्यंत पुरेल. शेळीला दोन पिलं झाली. तुझी तब्येत कशी आहे? मुंबईच्या खाणावळीत भाकरी मिळत नाही असं लिहिलं होतंस, तेव्हापासून भाकरी थापताना तुझी आठवण येते.

तू दोन गोष्टी विचारल्यास. छापलेलं चित्र लोकांना कळतं का, आणि ते पाहून काका काय म्हणाले. पहिल्याचं उत्तर आधी देते.

चित्र कळतं. ग्रामसेवकानं ते पंचायतीच्या भिंतीला लावलं. तू शिकवलं होतंस तशी मी बाजूला उभी राहिले, काही सुचवलं नाही. गावातले दौलतराव एकेका चौकटीवर काठी टेकवत गेले. मडक्यात ज्वारीचं बियाणं, त्यावर गंधकाची भुकटी, तोंड बांधून मडकं हलवायचं, मग पेरणी. "म्हंजे कनसात काळी भुकटी होत नाही," असं आपणच म्हणाले. त्यांना एक अक्षर वाचता येत नाही. हे तुझ्या प्रबंधात लिही.

शेजारच्या सोजरबाईनं मात्र चित्रातल्या माणसाकडे हात करून मला विचारलं, "हा मानूस कोन हाय वं?"

"कोनी नाही," मी म्हटलं.

"दिसाले बरा हाय. बोटं पाह्य कशी, कधी काम केलं नाही जसं."

मी घरी आले.

दोन वर्षांपूर्वी तू चित्रकलेच्या कॉलेजातून इथे आलास तो दिवस मला आठवतो. "आमच्या वस्तीत राहशील का," असं काकांनी विचारलं, तर तू उत्तर न देता पिशवी खाली ठेवलीस आणि प्यायला पाणी मागितलंस. ते तेव्हाच तुझे झाले. अठरा दिवस त्यांना मडक्यापुढे बसवून तू चित्रं काढलीस. हे कसलं शिक्षण, असं मी विचारलं होतं. तू म्हणालास, काकू, आधी काढायचं, मग वाचता न येणाऱ्यांना दाखवायचं, चुकलं की पुन्हा काढायचं, आणि का चुकलं ते लिहायचं. मला ते पटलं होतं. स्वयंपाक असाच शिकतात.

तुझ्या पहिल्या कागदावर ते होते. एक डोळा बारीक केलेला, मिशी एका बाजूला खाली, आणि डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं. कडबा कापताना गेलं होतं ते. तो कागद घेऊन तुम्ही दोघं एसटीनं कामरगावला गेलात, तिथून धनजला. परत आले तेव्हा ते दारातूनच हसत होते. "कामरगावात एक बुढा म्हने, गंधकानं बोट खाल्लं काय याचं? मंग कोनी मडक्याले हात लावाले तयार नाही. अन् धनजचे म्हने, चित्रात हाच अन् समोर बसला हाच, याच्या वावराचं आमाले कायले?"

तू मला विचारलंस, "काकू, बोट पूर्ण काढू का?" मी सरळ म्हटलं, काढ. लोकांना काम कळलं पाहिजे, ह्यांची तसबीर थोडीच काढायची आहे. ते म्हणाले, "चाला, फुकटात बोट उगवलं. आता तमाखू बरी मयता येईल." मग दुसऱ्या कागदात बोट आलं, तिसऱ्यात मिशी सरळ झाली, चौथ्यात डोळे. पाचवा कागद सगळ्या गावांना कळला. त्यात ते नव्हते.

आता दुसऱ्याचं उत्तर. काका काही म्हणाले नाहीत. ते माघात गेले. कावीळ झाली होती. वाशीमच्या दवाखान्यात अकरा दिवस होते. तुझा पत्ता माझ्याजवळ होता. पण तुझ्या प्रत्येक पत्रात खाली "काकांना नमस्कार" असायचा. कळवलं की पुढच्या पत्रात तो नसेल, म्हणून कळवलं नाही. रागावू नकोस.

त्यांचा फोटो नाही. एकदा वाशीमला काढायला गेलो होतो, दुकान बंद होतं. भजी खाऊन परत आलो.

आणखी एक सांगायचं आहे. तू निघालास त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं होतं. "तो पयला कागद मांगून घे ना त्याले. आता त्याच्या काय कामाचा?" मी म्हटलं, "कायले? तुमी हाय ना समोर. एक भिंतीवर अन् एक चुलीपाशी, दोन दोन कोन पाहीन?" ते हसले. पुन्हा तो विषय काढला नाही. तू तेव्हा अंगणात पिशवी बांधत होतास. चार पावलांवर.

तू लिहिलंस की तो कागद प्रबंधात चिकटवणार, कारण चूक दाखवल्याशिवाय दुरुस्ती दाखवता येत नाही. खाली "सदोष चित्र" असं लिहिणार. मी तो कागद मागायला तीन पत्रं लिहिली आणि फाडली. मी दुकानाच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायला शिकले, सेवालाल. गोष्ट जिथे फाटलेली असते, तिचं पुढचं कुठल्याच पुडीत सापडत नाही. तुझ्या पुस्तकातलं पान मी मागणार नाही. ते तिथेच राहू दे.

पण खाली सदोष लिहू नकोस. तू जसं पाहिलंस तसंच काढलं होतंस. आणि प्रबंध जमा करण्याआधी एकदा इकडे घेऊन ये. मी हात धुऊन, कोरडे करून मग उघडीन. एक दिवस पुरे.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं. आता तुझ्यासाठी लिहून देते, त्या चित्राखाली जसंच्या तसं उतरव:

जगदेव इंद्रभान सरकटे, मेडशी. डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं.

तुझी वाट पाहणारी काकू,
लिलाबाई जगदेव सरकटे