दोन्हीकडे पिना

मी, खाली सही करणारा, कोर्टातला निवृत्त टंकलेखक, शरीराने थकलेला पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाला वा भिडेला न जुमानता हे मृत्युपत्र स्वतः टाइप करत आहे. ‘भिडेला’ हा शब्द नमुन्यात नसतो. मी मुद्दाम घातला आहे. मागच्या आठवड्यातलं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. माझं राहतं घर, वरच्या खोल्यांसह, माझी लेक आणि तिच्याबरोबर वर राहणारी मुलगी या दोघींना निम्मं-निम्मं. त्या मुलीला आम्ही ‘वरची’ म्हणतो. दोघींचा संसार आहे हे मला केव्हाच कळलं होतं. कोणी विचारलं की मात्र ‘लेकीची भाडेकरू’ असं सांगून मी मोकळा व्हायचो.

कलम २. लोखंडी कपाट धाकट्या भावाला. ‘तू डोळे मिटलेस की वरचीला सामानासकट बाहेर काढीन,’ असं तो माझ्याच घरी जेवता जेवता म्हणाला. मी उलट त्याला आणखी वाढलं. कपाटाखेरीज त्याला काही नाही, आणि ते त्याने स्वतः उचलून न्यावं.

कलम ३. एकेक ओळ करकरत छापणारा माझा जुना प्रिंटर लेकीला. त्याची रुंद केबल घेईल असा पोर्टच नव्या कॉम्प्युटरला नाही. म्हणून कन्व्हर्टरची वायर आणली, तर तिलाही पिना आणि प्रिंटरच्या केबललाही पिना. दुकानदार भर गर्दीत म्हणाला, “आजोबा, तुम्हाला फीमेल टू फीमेल लागेल.” मागे गल्लीतला न्हावी उभा. सगळं दुकान माझ्या घराबद्दलच बोलतंय असं वाटून माझी कानशिलं तापली. हाताला लागला तो अडॅप्टर घेऊन मी सटकलो.

तो अर्थातच चुकीचा निघाला. दुकानदार काय म्हणाला, असं वरचीने विचारलं, तर मला ते उच्चारवेना. ती ओळखून हसली. पिना बाहेर असल्या की मेल, भोकं असली की फीमेल. दोन पिनावाल्या जोडायच्या तर मधे दोन्हीकडे भोकं असलेला तुकडा लागतो, त्यात लाजायचं काय, म्हणाली. स्वतः जाऊन तो आणला, स्क्रू पिळले आणि चालतंय का बघायला स्क्रीनवर उघडं होतं तेच पान छापायला दिलं. ते माझं मृत्युपत्र होतं. ‘वर राहणाऱ्या भाडेकरूने माझ्या पश्चात महिन्याभरात खोली रिकामी करावी’ ही ओळ तिच्यासमोर बाहेर आली. भावाची कटकट नको म्हणून मी ती घातली होती. तिने प्रिंटरच्या सलग कागदापासून पान नीट फाडून पालथं ठेवलं. “छपाई स्वच्छ आलीय, काका,” म्हणाली आणि वर गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून तिची बॅग भरलेली आहे आणि लेक माझ्याशी बोलत नाही.

कलम ४. अडॅप्टरचा डबा वरचीला, कारण त्यातली अक्कल तिचीच. कॉम्प्युटरमधून काय निघतं आणि पुढचं यंत्र काय घेतं, ते आधी बघावं. बसत नसेल तर दाबू नये. बसलं म्हणजे चालेलच असंही नाही. हे तिने मला न कंटाळता शिकवलं.

कलम ५. वारसाच्या नावापुढे नातं लिहावं लागतं. तिथे आजवर माझी बोटं अडायची. आता लिहितो: सून. ही टायपिंगची चूक आहे असं भावाने कोर्टात म्हणू नये. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, टायपिंगची केली नाही.

हे पान छापायला मी तिलाच हाक मारणार आहे. तोंडाने माफी मागायला अजून जीभ रेटत नाही.

(येथून शाईने, माझ्या हातचं.) तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं. मग पेन पुढे केलं आणि म्हणाली, “बाबा, इथे सही करा.”

सही: केली आहे.
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर. २. कोर्टातला जुना सहकारी. याने ‘सूनच ना?’ असं विचारून, माझा होकार ऐकून सही केली.
ठिकाण: राहतं घर, खालचा मजला. दिनांक: शिक्क्याप्रमाणे.