आनंदातला काना

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे अक्षरशः. गेला महिनाभर मी पोटावर पालथी पडून आहे आणि हे पत्रही त्याच अवस्थेत लिहितेय. अक्षर उताराला लागल्यासारखं दिसेल, ते त्यामुळे.) तुझा गुडघा काय म्हणतो? मामी अजून तुला सकाळी जिना दहा वेळा चढायला लावते का? तब्येत विचारतेय ती निव्वळ काळजीपोटी, पुढे काही मागायचंय म्हणून नाही, हे इथेच नमूद करून ठेवते. ऑफिस कसं आहे? तीस वर्षं बदल्यांच्या विभागात बसून शेकडो माणसं इकडची तिकडे करणारा आणि स्वतः एकाच खुर्चीला चिकटून राहिलेला माणूस म्हणून मला तुझ्याबद्दल कायम आदर वाटत आलाय. पत्र लिहायला तसं खास कारण नाही. जे आहे ते ओघात येईल.

माझं बरं चाललंय. (डाव्या दाढेत सिमेंट भरलंय. तेही ओघात येईल.) आमच्या ऑफिसला महिनाभर कुलूप आहे, कारण गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली आणि छत टेबलांवर उतरलं. मी तिथे काय करते ते तुला माहितीच आहे. घरगुती यंत्रांबरोबर खोक्यात जी माहितीपत्रकं येतात, ती मी लिहिते. ‘झाकण नीट बसल्याखेरीज बटण दाबू नये’ हे वाक्य माझं आहे. ते हजारो घरांत पोचलंय. माझी कादंबरी मात्र चार माणसांपर्यंतच पोचली. त्यातला एक तू, आणि तूही सतराव्या पानावर उतरलास हे मला मामीनं केव्हाच सांगितलंय. मी रागावले नाहीये. एकही पात्र नसलेली आणि एकही पूर्णविराम नसलेली दोनशे पानं वाचायला माणसाला गुडघे चांगले लागतात.

चौथा वाचक म्हणजे ज्यांच्याकडे मी ती पाठवली ते संपादक. त्यांनी साभार परत केली. ते एक वेळ ठीक आहे, पण पाकिटात चिठ्ठी होती आणि तिच्यावर एकच ओळ: ‘आपण शेवटचं आनंदासाठी काय वाचलं होतं?’ मी तीन दिवस चिडून होते. चौथ्या दिवशी, त्यांचं तोंड बंद करावं म्हणून, उत्तर आठवायला बसले आणि ते सापडेना. कॉलेजात शिरल्यापासून मी पेन्सिलीशिवाय पुस्तकच उघडलेलं नाही. इतरांसाठी वाचणं म्हणजे जेवण, माझ्यासाठी शवविच्छेदन. मग ठरवलं, एवी तेवी सुट्टी आहे, तर महिनाभर नुसत्या कादंबऱ्या वाचायच्या. जाडजूड, पात्रंबित्रं असलेल्या. पेन्सिल समोरच्या घरातल्या आजोबांकडे ठेवायला दिली. (त्यांनी कारण विचारलं नाही. ते निवृत्त पोलीस आहेत, ठेव म्हटलं की ठेवतात.)

खरं नडलं ते पुढे. आईला, म्हणजे तुझ्या ताईला, कळवणं भाग होतं, कारण सुट्टी म्हटली की घरी येणं असा तिचा हिशेब. मी मेसेज केला: महिनाभर सुट्टी आहे पण घरी येत नाही, आनंदासाठी वाचायचं ठरवलंय. निदान असा मेसेज मी केला असं मला वाटलं. अंगठा घसरला आणि ‘दा’चा काना पडला. गेला तो ‘आनंदसाठी’.

चार मिनिटांत फोन.

“कोण गं हा आनंद?”

मामा, त्याच क्षणी मी ‘अगं, काना राहिला’ एवढं म्हणायला हवं होतं. तीन शब्द. म्हणणारही होते. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. नेहमीचा कसा असतो ते सांगते. गेली तीन वर्षं आमचं बोलणं असं: जेवलीस का? हो. काय जेवलीस? होतं ते. पगार वाढला का? नाही. कधी येणार? बघू. सव्वा मिनिट. मी मोजलंय. आणि या फोनवर ती म्हणाली, “वाचतो का तो? बरं झालं. तुला माणसांच्या गोष्टी वाचायला लावल्या कुणीतरी. सध्या कुठलं पुस्तक चाललंय?” मी पुस्तक सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत फोन. तिनं तिकडच्या वाचनालयातून तीच कादंबरी आणली होती आणि बत्तीस पानं वाचून झाली होती. तुझ्या ताईनं! जिनं अठ्ठावीस वर्षं कचेरीत टायपिस्ट म्हणून लोकांचे कागद बडवले आणि निवृत्त झाल्यावर जाहीर केलं होतं की आता डोळ्यांसमोर अक्षर नको!

कादंबरी दोघी बहिणींची आहे. दोघींचं मिळून शिवणकामाचं दुकान असतं. एक दिवस धाकटी एक मशीन उचलून निघून जाते, ती पत्र पाठवत नाही की काही नाही. थोरली दर वर्षी धाकटीसाठी एक ड्रेस शिवते, आठवणीतल्या मापानं, आणि कपाटात टांगून ठेवते. बास, एवढंच. प्रयोग म्हणून शून्य. निवेदन सरळ रेषेत, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. मी ती दाताच्या डॉक्टरकडे रांगेत बसून वाचत होते (गेले होते फक्त दात साफ करून घ्यायला) आणि चारशे बाराव्या पानावर, नवव्या ड्रेसपाशी, मला काहीतरी झालं. हुंदका म्हणतात तसलं. तिथल्या बाईंनी मला पाहिलं, दुखणं अनावर झालंय असं समजून सहा जणांच्या पुढे आत ढकललं, आणि मी डॉक्टरना सांगत होते की मला काही होत नाहीये, ड्रेसचं वाईट वाटतंय, तोवर त्यांनी तोंडात आरसा घातला आणि एक कीड शोधून काढली. आनंदासाठी वाचल्याचा हा पहिला ठोस परिणाम. उरलेली कादंबरी मी अर्धा जबडा बधिर असताना वाचली.

संध्याकाळी फोनवर आई त्याच ड्रेसपाशी आली. म्हणाली, “नऊ वर्षं झाली, माप बदललं असेल की. एकदा येऊन माप देऊन जायला काय होतं कुणाचं?” हे पुस्तकाबद्दल होतं, असं मी धरून चालले. मग तिनं विचारलं, आनंदचं काय म्हणणं?

आता आनंदला म्हणणं असणं भाग होतं. मी माझंच मत त्याच्या नावावर खपवलं: धाकटी गेली हे बरोबरच केलं, पण मशीन नेलं हे चूक, कारण मशीन नेलं म्हणजे परत येणार नाही असंच तिनं सांगितलं. “हुशार आहे हं पोरगा,” आई म्हणाली. “तुला हे सुचलं नसतं.”

हा माझ्या वाङ्मयीन आयुष्यातला पहिला अनुकूल अभिप्राय, आणि तो दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाला. मी (तुला माझा स्वभाव माहितीये) लगेच प्रयोग करून पाहिला. पुढच्या पुस्तकाच्या वेळी माझं खरं मत माझं म्हणून सांगितलं आणि त्याच्या नेमकं उलटं आनंदचं म्हणून. आई आनंदच्या बाजूनं. त्याच्या पुढच्या वेळी अदलाबदल केली. आई परत आनंदच्याच बाजूनं, वर मला, “तुला ना, माणसं कळतच नाहीत.” म्हणजे मुद्दा मताचा नव्हताच. आनंद बोलला की ती ऐकते. मी बोलले की ती आई होते.

गंमत म्हणजे मलाही तो आवडायला लागलाय. माझ्यापेक्षा समजूतदार आहे. मी पात्राला बघितलं की त्याच्यामागे लेखक कुठे लपलाय ते हुडकायला धावते. आनंद पात्राला बसू देतो, पाणी विचारतो. अकरा कादंबऱ्या झाल्या, मामा. सात आईनंही वाचल्या. रोज पाऊण तास फोन. ती मधूनच बाबांवर ओरडते, “थांबा हो, इथे खून झालाय!” (बाबा ‘हं’ म्हणतात. खुनालाही ते ‘हं’च म्हणतात.) आणि या सगळ्यात तिनं एकदाही विचारलं नाही की आनंद करतो काय, राहतो कुठे, घरी कोणकोण असतं. तुला ती माहितीये. भाजीवाल्याचीसुद्धा माहिती काढल्याशिवाय ती कोथिंबीर घेत नाही. मी याला तिचा मनाचा मोठेपणा समजते.

एकच लोचा झाला. त्या बहिणींच्या कादंबरीची माझ्या वाचनालयातली प्रत शेवटच्या सोळा पानांशिवायच आहे. टाके उसवून गेलीत. मी तिथल्या ग्रंथपालांकडे (आम्ही त्यांना ‘शांतता’ म्हणतो, कारण ते दुसरा शब्द बोलत नाहीत) तक्रार केली, तर आयुष्यात पहिल्यांदाच ते पूर्ण वाक्य बोलले: “सोळा पानांत असं काय मोठं होणार आहे?” तोवर आईला मी आनंदच्या तोंडून ठामपणे सांगून बसले होते की धाकटी परत येत नाही आणि तेच योग्य आहे. आई म्हणाली, “असं म्हणाला?” मी म्हटलं, हो. “बरं,” ती म्हणाली. आणि काल अचानक म्हणाली, “रविवारी आम्ही दोघं येतोय तिकडे. तुझा आनंद बघायचाय एकदा.”

तर परिस्थिती ही अशी. खरं सांगितलं तर ती चिडेल, चिडण्याचं मला काही वाटत नाही. पण तिच्या हातातलं पुस्तक खाली जाईल आणि आम्ही पुन्हा सव्वा मिनिटावर येऊ. तीन वर्षांत मी घरी का आले नाही याची माझ्याकडे बरीच कारणं आहेत, सगळी सुबक, पण ती आनंदला सांगून पाहिली तर एकही त्याला पटलं नाही.

महिन्याचा एकूण आढावा: दात एक, ग्रंथपालाचं वाक्य एक, कादंबऱ्या अकरा. आनंद झाला का? झाला. संपादकांना तसं कळवणार नाही. मामीला नमस्कार सांग, आणि जिना आठ वेळाच चढ, मी कुणाला बोलणार नाही.

तुझी पालथी
भाची

ता.क. मामा, सरळ सांगते. आनंदची बदली करून दे. आदेशबिदेश नको, शिक्का नको, फक्त शनिवारच्या आत ताईला एक फोन. म्हणावं, अगं, आमच्याच खात्यात होता, चांगला मुलगा, तडकाफडकी लांब पाठवावं लागलं. तुझ्या आवाजात तीस वर्षांचं वजन आहे. तू सांगितलेल्या बदलीवर आजवर कुणी शंका घेतलेली नाही, घेऊन उपयोगही झालेला नाही.

ता.क. २. बढतीवर पाठव. शिक्षा म्हणून नको, तिला वाईट वाटेल. आणि अशा ठिकाणी टाक जिथे फोन लागत नाही पण वाचनालय बरं आहे. म्हणजे तो पत्रानं मतं कळवत राहील आणि ती मी तिला वाचून दाखवत जाईन. दर दोन आठवड्यांनी एक. पुढेमागे सवय सुटली तर सुटली.

ता.क. ३. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलंय. आत्ताच आईचा मेसेज आला. एक अक्षर न बदलता उतरवून पाठवतेय:

‘रविवारी अकरापर्यंत पोचू. स्वयंपाक तिघांपुरताच कर. अठ्ठावीस वर्षं टायपिंग केलंय, पडलेला काना मला पहिल्याच दिवशी दिसला होता. तू दुरुस्त करतेस का ते बघत होते. त्या बहिणींच्या पुस्तकाची शेवटची सोळा पानं झेरॉक्स करून आणतेय, तुझ्या प्रतीत नाहीत हे तुझ्या बोलण्यावरून कळलं. वाच, आणि मग आनंदचं काय म्हणणं ते सांग. तुझं नको. त्याचं.’

तरी मामा, बदली रद्द समजावी. हुद्दा तोच, ठिकाण तेच.